मदत हवी आहे: एलायझामध्ये व्हीईजीएफचे आकडे जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

माणसाच्या रक्तातलं व्हीईजीएफ (रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारं प्रथिन) सँडविच एलायझा किटने, म्हणजे दोन अँटिबॉडींमध्ये प्रथिन पकडून मोजणाऱ्या चाचणीने, मोजतेय. स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांचा आलेख) सुरेख येतो, डुप्लिकेट वेल्सही (एकाच नमुन्याचे दोन खळगे) जुळतात. ४५० नॅनोमीटरच्या रीडिंगमधून ५७० चं वजा करते, म्हणजे प्लेटमुळे येणारी चूक निघून जाते, तेव्हा ती शंका नको. घोळ नमुन्यांतच आहे.

एकाच व्यक्तीच्या ईडीटीए प्लाझ्मापेक्षा (ईडीटीए घालून न गोठू दिलेल्या रक्ताचा द्रव) सीरममध्ये (गोठलेल्या रक्ताचा द्रव) आकडा कितीतरी जास्त. रक्त गोठताना प्लेटलेट्स आपल्याजवळचं व्हीईजीएफ सोडतात, त्यामुळे हे अपेक्षितच. खरी डोकेदुखी पुढे आहे. तेच सीरम १:२ आणि १:४ डायल्यूट करून, परत गुणून काढलं, तर १:४ चा आकडा जवळपास दीडपट! दोन्ही सारखे यायला नकोत का? नमुन्यात व्हीईजीएफचं माहीत असलेलं प्रमाण मुद्दाम घालून पाहिलं, तर जेमतेम ६० टक्केच हाती लागतं. ८० ते १२० मध्ये आलं असतं तर मी गप्प बसले असते.

मॅट्रिक्सचा, म्हणजे नमुन्यातल्या इतर घटकांचा, अडथळा असावा असं वाटतंय. रक्तातला विरघळलेला रिसेप्टर व्हीईजीएफला धरून ठेवतो, त्यामुळे अँटिबॉडीची जागा झाकली जात असेल का? कुणी हे पडताळून पाहिलंय?

सगळे नमुने सरसकट १:८ ला न्यावेत, तर कमी असलेले सर्वांत खालच्या स्टँडर्डच्याही खाली जातील. मग स्टँडर्डच व्हीईजीएफ नसलेल्या सीरममध्ये बनवावेत का? आणि प्लाझ्मातल्या उरल्यासुरल्या प्लेटलेट्स काढायला गोठवण्याआधी दुसऱ्यांदा सेंट्रिफ्यूज करणारे कुणी असाल, तर किती जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) आणि किती मिनिटं, तेवढं नक्की सांगा.