मदत हवी आहे: काढा न घेता नुसत्या सुया चालतील का?

शांघायवाल्यांनो, आई आमच्याकडे आलीये, वय ६८, गुडघ्याची झीज, एक्स-रे झालाय, फिजिओने फारसा फरक नाही. इथल्या हॉस्पिटलात चायनीज मेडिसिनला दाखवलं तर डॉक्टरांनी जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली (अगदी आपल्या वैद्यांसारखी!) आणि अ‍ॅक्युपंक्चर, मोक्सा म्हणजे दवण्याच्या कुळातला वाळका पाला पेटवून शेक, शिवाय काढा, असं सगळं एकत्रच लिहून दिलं. पण आई वॉरफॅरिनवर (रक्त पातळ ठेवायची गोळी) आहे आणि काढ्यात डांगग्वे ही चिनी मुळी आहे, त्याने रक्त जास्तच पातळ होऊ शकतं, म्हणून आम्ही तिला काढा दिलाच नाही. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) रेंजमध्ये आहे, आपल्याकडच्या कार्डिओलॉजिस्टची बारीक सुयांना हरकत नाही. चिनी आम्हाला जेमतेम येतं. तर काढा वगळून फक्त सुया आणि शेक देतात का, कुणी घेतलंय का तसं?