मदत हवी आहे: नाशिक, माण आणि कोकणातल्या शाळकरी ३००० मीटरच्या वेळा कशा ताडून बघायच्या?

१७ वर्षांखालच्या मुलांच्या वेळा जिल्हावार मांडायच्या आहेत. नाशिक (कविता राऊत), साताऱ्यातलं माण (ललिता बाबर), बीडमधलं आष्टी (अविनाश साबळे) हे लांब पल्ल्याच्या धावपटूंचेच पट्टे. पण आकडे नुसते शेजारी ठेवणं पटत नाही.

फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) आखलेल्या २०० मीटरच्या ट्रॅकवर १५ फेऱ्या होतात. ट्रॅक मोजताना टेप आतल्या रेषेच्या २० सेंटिमीटर बाहेरून न धरता थेट रेषेवरून फिरवली, तर पोरांना फेरीमागे सव्वा मीटर जादा पळावं लागतं. एकूण १९ मीटर, म्हणजे दहा मिनिटांत पळणाऱ्याचे जवळपास ४ सेकंद गेले. एवढं वजा करता येतं.

कोकणातल्या दमट हवेसाठी किती धरता? फेरीवार वेळा कुणाकडे आहेत का? पहिली फेरी ४० ऐवजी ३४ सेकंदांत काढून शेवटी ढेपाळणारी पोरं वेगळी काढायची आहेत. तो दोष हवामानाचा नव्हे.