गाळा ३ च्या ड्रायरची एनओसी

सेक्रेटरी: नमस्कार. गाळा ३ वाले आंबापोळी-फणसपोळी वाळवायला ड्रायर बसवतायत. आत ३ किलोवॅटचे ६ हीटर. एनओसी मागितलीय. हरकती असतील तर इथेच सांगा, नंतर जिन्यात नको.

बी-२०४: १८ किलोवॅट?? खाली कोणी काही लावलं की आमचा पंखा आधीच रांगतो.

गाळा ३: वहिनी, मेमध्ये एक वळीव आला की ताटंच्या ताटं पोळी बुरसते. वायरमन म्हणतो, आहे त्याच लाइनवर दोन-दोन हीटर आळीपाळीने चालवू.

सी-१०२: आळीपाळी कागदावर. ऐन सीझनला सहाही चालू असणार. एक हीटर १३ अँपिअर ओढतो. सहाही एका फेजवर म्हणजे ७८! थ्री फेजवर दोन-दोन वाटले तर फेजला २६. तेव्हा आधी महावितरणकडून भार वाढवून घ्या, मग ड्रायरची ऑर्डर.

गाळा ३: बरं काका. आणि वायरिंग?

सी-१०२: प्रत्येक हीटरला वेगळी ४ स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर, वेगळा २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच. प्लग-सॉकेट अजिबात नको. थर्मोस्टॅटने कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) चालवायचा, हीटरचा करंट थर्मोस्टॅटमधून न्यायचा नाही. आणि फॅन थांबला की हीटर आपोआप बंद झाले पाहिजेत. हे ड्रायरवाल्याकडून लिहून घ्या.

ए-३०१: काका, माझ्या गीझरचा प्लग काळा पडलाय. एमसीबी का पडत नाही?

सी-१०२: करंट वाढतच नाही, तर एमसीबीला कळणार कसं? सैल सांध्यात ०.१ ओहमचा जरी अडथळा आला, तरी १३ अँपिअरला त्या नखाएवढ्या जागेत १७ वॅट उष्णता. आपल्याकडे खारा वारा, स्क्रू वर्षभरात हिरवे होतात. मीटरकडची केबल अ‍ॅल्युमिनियमची, पुढे तांबं. तिथे दोन्ही धातू जोडणारा बायमेटल लगच हवा. प्लग आजच बदल, गीझर तोवर बंद.

बी-२०४: आणि आमच्या पंख्याचं काय?

सी-१०२: लोड तिन्ही फेजवर सारखा वाटला की त्रास कमी होईल. खरी भीती न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेची. थर्मोस्टॅटने एका फेजचे हीटर सोडले की उरलेला करंट न्यूट्रलमधून जातो. हा न्यूट्रलच मेनमध्ये तुटला तर एखाद्या फ्लॅटला २३० ऐवजी ३०० च्या वर व्होल्ट. फ्रिज, टीव्ही, सगळं गेलं. म्हणून न्यूट्रल फेजच्याच जाडीचा, आणि त्याचा सांधा मी स्वतः बघणार.

गाळा ३: आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावली की सारखी पडते म्हणतात.

सी-१०२: पावसाळाभर बंद राहिलेला हीटर ओल धरतो, मग पहिल्या दिवशी लीकेज दाखवतो. नेमकी तेव्हाच लोक ती बायपास करतात. तसं करायचं नाही. आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघायचं, गरज पडली तर हीटर काढून वाळवून घ्यायचे. अर्थिंगही नवं. जांभ्यातला अर्थिंगचा खड्डा मेमध्ये ठणठणीत कोरडा असतो, रीडिंग तेव्हाच घ्या. जुलैत काय, कोणाचंही चांगलं येतं.

सेक्रेटरी: मग एनओसी अटींवर: थ्री फेज मंजुरी, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, मेगर आणि अर्थिंगची रीडिंग ऑफिसात जमा. मेन केबल बदलावी लागली तर?

बी-२०४: गाळ्याचा खर्च. आम्ही पोळी विकत नाही.

गाळा ३: अर्धा सोसायटीने घ्यावा ना, केबल सगळ्यांचीच सुधारणार.

सेक्रेटरी: तो विषय रविवारच्या सभेत. आधी कोटेशन आणा.