आठवा महिना आणि ट्रेनने परदेश, मदत हवी आहे

मला ३४वा आठवडा चालू आहे. बहिणीकडे, सीमेपलीकडे जायचंय, ट्रेनने सात तास. बऱ्याच विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात. ट्रेनचा तसा नियम कुठे सापडला नाही. डॉक्टर हो म्हणाल्यात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दर तासाला डब्यात फेरी मार, पाणी पीत राहा म्हणाल्या. पण आत्ताच अर्धा तास बसले तरी घोट्यावर मोज्याचा वळ उठतो, बाळ बरगडीत पाय रोवतं.

खरी धास्ती वेगळीच. वाटेतच कळा सुरू झाल्या तर? प्रवास विम्यात तिकडचं बाळंतपण, बाळाचा खर्च धरतात का? दिवस भरत आलेले असताना कुणी असा प्रवास केलाय का? फाइलमध्ये कोणते कागद ठेवलेत? प्लीज सांगा, परवा तिकीट काढायचंय.