अप्पासाहेब भोसल्यांवरची कादंबरी : कथा कोणाच्या तोंडून सांगावी?

शुक्रवारी तलाव

नमस्कार. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारावर, त्यातही १८१६ ते १८१८ या काळावर, मी एक कादंबरी लिहीत आहे. कथेचा कणा बहुतेकांना ठाऊक असेल. २२ मार्च १८१६ रोजी दुसरे रघूजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने आणि बुद्धीने दुबळे असल्यामुळे गादीवर बसले तरी कारभार पाहू शकत नव्हते, आणि त्यांच्या नावाने तो कोणी पाहायचा यावरून वाड्यात दोन तट पडले. एका बाजूला रघूजींच्या राणी बाकाबाई आणि खजिना हाताशी असलेले धर्माजी भोसले होते, तर दुसऱ्या बाजूला परसोजींचे चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब. अप्पासाहेबांची सरशी झाली, धर्माजी मारले गेले, १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी अंथरुणातच मृतावस्थेत सापडले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई जुंपली.

माझी अडचण अशी आहे, की अप्पासाहेब दर खर्ड्यात एकाच अंगावर कलंडतात. परसोजींचा मृत्यू आधी मांडला, तर भावाच्या जिवावर उठलेला कपटी तरुण उभा राहतो आणि पुढे सीताबर्डी त्याला शोभत नाही. सीताबर्डीपासून आरंभ केला, तर इंग्रजांशी झुंजलेला वीर उभा राहतो आणि मग परसोजींचे प्रकरण कुठेतरी उरकून टाकावे लागते. सत्तेची हाव आणि पराक्रम एकाच माणसात दिसावेत यासाठी निवेदक कोण असावा? आणि परसोजींच्या मृत्यूबद्दल कादंबरीने निकाल द्यावा का? जाणकारांनी, विशेषतः महाल-इतवारीतल्या जुन्या मंडळींनी, आपले मत सांगावे.

दप्तरदार

ताई, मला दोष पात्रात दिसत नाही, मांडणीत दिसतो. आपण ही कथा गादीच्या भांडणाची समजून लिहीत आहात. नागपूरच्या दरबारात मात्र खरी चुरस गादीवर कोण बसणार यापेक्षा, बसलेल्याच्या नावाने शिक्का कोण चालवणार यासाठीच अधिक झाली. पहिल्या रघूजींचे पुत्र जानोजी १७७२ मध्ये वारल्यावर त्यांचे भाऊ मुधोजी (अप्पासाहेबांचे आजोबा) लढले ते आपल्या लहानग्या मुलाच्या, म्हणजे दुसऱ्या रघूजींच्या, नावाने. १८१६ मध्ये अप्पासाहेबांना हवी होती ती परसोजींची मुखत्यारी, आणि परसोजी तर वयाने त्यांच्याहून मोठे होते. १८१८ नंतर तिसऱ्या रघूजींना गादीवर बसवले तेव्हा ते दहा वर्षांच्या आसपासचे होते. त्यांचा सांभाळ बाकाबाईंकडे आणि कारभार इंग्रजांचे दरबारातले प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेंकिन्स यांच्याकडे राहिला. अशा दरबारात महत्त्वाकांक्षी माणूस तलवार शेवटी उचलतो. त्याआधी तो खजिन्याच्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते पाहतो, मुनशी कोणाच्या बाजूचा आहे ते चाचपतो, वाड्याच्या पहाऱ्यावर आपली माणसे नेमतो आणि दत्तकविधानाची बोलणी कोणत्या दालनात चालली आहेत यावर कान ठेवतो. या हालचाली आपल्या कादंबरीत सविस्तर आल्या, तर अप्पासाहेब आपोआप दोन्ही अंगांनी दिसू लागतील, कारण या खटपटीत धूर्तपणाही लागतो आणि धाडसही लागते.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. या गावात घरचा तंटा सोडवायला ज्याला बाहेरून बोलावले, त्यानेच घर ताब्यात घेतले, असे वारंवार घडले आहे. देवगडचा गोंड राजा चांद सुलतान याच्यानंतर वली शाहने गादी बळकावली, तेव्हा राणी रतनकुंवर यांनी वऱ्हाडातून पहिल्या रघूजींना मदतीला बोलावले. पुढे तिच्या दोन मुलांत बेबनाव झाला, बुऱ्हाण शाहने पुन्हा रघूजींनाच हाक मारली, आणि १७४३ च्या सुमारास नागपूर भोसल्यांची राजधानी झाले. गोंड राजाकडे राजेपदाचा मान आणि नेमणूक उरली. त्यानंतर ७३ वर्षांनी त्याच रघूजींच्या पणतूने, म्हणजे अप्पासाहेबांनी, भाऊबंदकीत पारडे आपल्याकडे झुकावे म्हणून रेसिडेन्सीचा दरवाजा ठोठावला. पणजोबांनी ज्या वाटेने नागपूर मिळवले, ती वाट पणतूला ठाऊक नव्हती असे मानणे कठीण आहे. ठाऊक असूनही तो त्याच वाटेने का गेला, हा माझ्या दृष्टीने आपल्या कादंबरीचा प्रश्न आहे.

तैनाती फौजेचा तह ज्या रात्री झाला, ती २७ मे १८१६ ची रात्र आपण मध्यभागी घ्यावी, असे मी सुचवतो. १८०३ मध्ये देवगावच्या तहाने कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड गमावूनही दुसऱ्या रघूजींनी तैनाती फौज शेवटपर्यंत स्वीकारली नाही. त्यांना जाऊन दोन महिने होतात न होतात तोच हा करार गुपचूप झाला. फौजेच्या खर्चापोटी दरसाल साडेसात लाख रुपये देण्याचे ठरले. नागोपंत आणि नारायण पंडित यांनी बोलणी केली. अप्पासाहेब तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते आणि समोरचे जेंकिन्स एकतीस वर्षांचे. दरबारातल्या अनेक मानकऱ्यांना या तहाचा सुगावाही नव्हता. वाड्यात सत्ता हाती आली त्याच रात्री ती राज्यातून निघून गेली, आणि हे त्या खोलीतल्या एखाद्यालाच कळले असेल. तो एखादा म्हणजे मसुद्याची नक्कल करणारा कारकून. निवेदक तोच करा. त्याला बढती हवी आहे, त्याचाही एक प्रतिस्पर्धी आहे, आणि धन्याची महत्त्वाकांक्षा तो स्वतःच्या महत्त्वाकांक्षेतून ओळखतो.

परसोजींबद्दल कादंबरीने निकाल देऊ नये. मृत्यूच्या वेळी अप्पासाहेब चांद्याकडे गेलेले होते. १८१७ मध्ये रेसिडेन्सीने त्यांचा वारसा बिनतक्रार मान्य केला. खुनाचा आरोप ठामपणे पुढे आला तो १८१८ मध्ये, त्यांना कैद करायचे ठरले तेव्हा. आरोप खोटा होता असे मी म्हणत नाही. धर्माजींचे काय झाले ते समोर असताना तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मात्र जो आरोप वर्षभर कोणाला सुचला नाही आणि गरज पडताच सापडला, तो आपल्या कारकुनाच्या हातूनच कागदावर उतरू द्या. वाचक काय ते समजेल.

पाचगावची लढाई

दप्तरदार यांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु कारकून, मसुदे आणि किल्ल्या यांवर चारशे पाने वाचायला बसणारा वाचक मला तरी भेटलेला नाही. नागपूरच्या इतिहासात याहून थरारक भाऊबंदकी आहे आणि तिच्यावर लिहायला कोणी तयार नसते. जानोजी गेल्यावर त्यांच्या पत्नी दर्याबाई गरोदर असल्याची हूल उठवून मुधोजींचे भाऊ साबाजी यांनी कारभार हाती घेतला. मुधोजींचा मुलगा दत्तक म्हणून आधीच ठरलेला होता. पुण्यात त्या वेळी पेशव्यांच्या घरातच फूट पडली होती. ती थेट नागपुरात उतरली, आणि राघोबादादा मुधोजींच्या बाजूला, तर त्यांचे विरोधक साबाजींच्या बाजूला गेले. शेवटी २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावला दोघे भाऊ समोरासमोर आले. लढाई साबाजींनी जवळजवळ जिंकली होती. वेढ्यात सापडलेल्या मुधोजींना शरण आणण्यासाठी त्यांनी आपला हत्ती भावाच्या हत्तीला भिडवला, आणि मुधोजींनी हौद्यातून पिस्तूल झाडून त्यांना ठार केले. एका गोळीने निकाल फिरला.

हे मुधोजी म्हणजे अप्पासाहेबांचे सख्खे आजोबा. भावाला मारून सत्ता मिळते आणि नंतर कोणी जाब विचारत नाही, उलट तेरा वर्षे निर्वेध कारभार करता येतो, हा धडा या नातवाला घरातच मिळालेला होता. आपण १८१६ वरच ठाम असाल, तर निदान पहिले प्रकरण पाचगावचे ठेवा. शिवाय त्या काळात देवाजीपंत चोरघडे आहेत. साडेतीन शहाण्यांपैकी नाना फडणवीस अर्धे आणि आमचे देवाजीपंत पूर्ण, हे नागपूरकरांनी अधूनमधून उच्चारवाने सांगायला हरकत नाही.

इतवारीकर

वरच्या दोन्ही उत्तरांत बाकाबाई नावापुरत्या येतात, याचे आश्चर्य वाटले. आम्ही लहानपणापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत निघताना पाहत आलो. गल्लीच्या तोंडाशी बांबू आणि कागदाचा तो उंच काळा पुतळा वळला, की गर्दी एकदम मागे रेटते, आणि "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" या आरोळीत शेजारच्याचेही बोलणे ऐकू येत नाही. ती मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई, असे घरातल्या मोठ्यांनी आम्हाला सांगितले. काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासूनची सांगतात, आणि बाकाबाई तर १८५८ मध्येच वारल्या. म्हणजे गावाने त्यांचा न्याय त्या गेल्यानंतर केला, आणि तो एकतर्फी केला.

त्यांची बाजू मांडून पाहा. १८१६ मध्ये परसोजींचा सांभाळ त्यांच्याकडे होता. अप्पासाहेबांनी तो हिसकावला, धर्माजींना संपवले, आणि वर्षाच्या आत परसोजीही गेले. अशा बाईने पुढे अप्पासाहेबांच्या शत्रूशी जुळवून घेतले, तर त्यात फितुरी किती आणि जीव वाचवणे किती? १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर डलहौसीने राज्य खालसा केले आणि वाड्यातल्या चीजवस्तू लिलावासाठी बाहेर काढायला सुरुवात झाली, तेव्हा सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन, असे याच म्हाताऱ्या बाईंनी बजावले होते. आणि १८५७ मध्ये मात्र त्यांनी आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठू दिले नाही. चार दशके दरबारात तग धरलेले हे एकमेव पात्र आहे. कारकुनाला महालाबाहेरचे काही कळत नाही; बाकाबाईंच्या दासीला दोन्ही बाजूंचे कळेल.

शुक्रवारी तलाव

सर्वांचे मनापासून आभार. पाचगावचे प्रकरण प्रारंभी घेण्याची सूचना पटली, मात्र ते लढाई म्हणून न सांगता वाड्यात वारंवार सांगितली जाणारी हकिकत म्हणून घेईन. अप्पासाहेब ती लहानपणी ऐकतात आणि बाकाबाई ती सून म्हणून ऐकतात, असे करता येईल. निवेदक दोन ठेवण्याचा विचार आहे, कारकून आणि दासी. दप्तरदार, आणखी एक विचारते. तह स्वतःहून करणारा माणूस दीड वर्षात त्याच तहावर उलटतो, हे वळण वाचकाला पटेल असे कसे आणावे? आणि शेवट कुठे करावा, सीताबर्डीला की जोधपूरला?

दप्तरदार

इतवारीकरांचा मुद्दा मला मान्य आहे. दासी अवश्य घ्या.

वळणासाठी नोव्हेंबर १८१७ चा क्रम नीट लावा. ५ नोव्हेंबरला खडकीला दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांवर हल्ला केला होता. त्यांच्याकडून सेनापतिपदाची वस्त्रे नागपूरला आली आणि ती दरबारात स्वीकारण्याचा समारंभ २४ तारखेला ठरला. अप्पासाहेबांनी त्याचे निमंत्रण जेंकिन्सनाही धाडले आणि अर्थातच त्यांनी ते नाकारले. हे निमंत्रण मला फार बोलके वाटते. उघड वैर पत्करायचे असते, तर निमंत्रण कशाला? अप्पासाहेबांना पुण्याची वस्त्रेही हवी होती आणि रेसिडेन्सीची मान्यताही, कारण त्यांच्या घराण्यात पहिल्यापासून अधिकार बाहेरच्या कागदानेच पक्का होत आला होता. जानोजींनाही सेनासाहेब सुभा हे पद पेशव्यांच्या संमतीनेच मिळाले. दोन धनी एकमेकांशी लढू लागल्यावर दोघांची सनद एका हातात धरता येत नाही, हे त्यांना २४ तारखेला कळले आणि २६ ला संध्याकाळी सीताबर्डीवर गोळीबार सुरू झाला. पराक्रमाचा आव न आणता हे लिहिले, तर वळण पटेल. २७ च्या सकाळी अप्पासाहेबांच्या फौजेतल्या अरबांनी लहान टेकडी घेतली होती आणि दुपारपर्यंत ती हातची गेली, इतके लढाईचे वर्णन पुरे आहे. नंतर डिसेंबरात शहर सोडायला तयार नसलेले अरब जुम्मा दरवाजाशी कसे झुंजले, ते मात्र हात राखून लिहू नका, कारण तोवर अप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाले होते आणि त्यांची फौज त्यांच्यावाचून लढत होती.

शेवट जोधपूरला नेऊ नये. तिथे ते १८४० पर्यंत आश्रित म्हणून जगले. त्या वर्षांत दरबार नाही आणि चुरसही नाही. १३ मे १८१८ ला जबलपूरकडच्या रायचूर गावी ते शिपायाच्या वेषात, पहाऱ्यावरच्या शिपायांना फोडून कैदेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. तिथवर कथा आणा. ज्या गोंडांचे राज्य पणजोबांनी घेतले, त्यांनीच पणतूला लपवले, हे दासीने सांगावे की कारकुनाने, एवढे तेवढे ठरवा. मी कारकुनाला सांगू देणार नाही; तो तोवर जेंकिन्सच्या कचेरीत नोकरीला लागलेला असेल.