बेक, रोस्ट, ब्रॉइल, सिमर: ही क्रियापदे मराठी पाककृतींत तशीच ठेवावीत का?

चर्चाप्रस्ताव

इंग्रजी पाककृती मराठीत आणताना ‘बेक’, ‘रोस्ट’, ‘ग्रिल’ आणि ‘टोस्ट’ या चारही क्रियापदांसाठी सर्रास ‘भाजणे’ लिहिले जाते आणि नवशिक्या वाचकाला भट्टीत, तव्यावर की थेट जाळावर, याचा काहीच पत्ता लागत नाही. माझे मत असे आहे की ही क्रियापदे देवनागरीत तशीच ठेवावीत, कारण उष्णता कशी आणि किती द्यायची हे त्यांतच सांगितलेले असते.

पाण्यात शिजवण्याच्या शब्दांत हा काटेकोरपणा विशेष दिसतो. ‘बॉइल’ म्हणजे समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसवर खळखळणारे पाणी. ‘सिमर’ म्हणजे साधारण ८५ ते ९५ अंश, तेव्हा पातेल्याच्या कडेने अधूनमधून एखादाच बुडबुडा वर येतो. आणि ‘पोच’ म्हणजे त्याहूनही कमी, सुमारे ७० ते ८० अंश, तेव्हा पाणी नुसते थरथरते. फोडलेले अंडे खळखळत्या पाण्यात सोडले तर पांढऱ्याच्या चिंध्या होतात, आणि हाडांचे सूप जोरात उकळले तर चरबी पाण्यात घुसळली जाऊन ते गढूळ होते. ‘उकळा’ एवढेच लिहिणाऱ्याने या दोन्ही पदार्थांचे नुकसान केलेले असते.

प्रतिसाद १

आपण दिलेली पाण्याची उदाहरणे मला मान्य आहेत. कोरड्या उष्णतेबाबत मात्र आपला दावा टिकत नाही, कारण तेथे इंग्रजी भाषकांतच एकवाक्यता नाही. वरून येणाऱ्या प्रखर आचेला अमेरिकेत ‘ब्रॉइल’ म्हणतात, तर ब्रिटनमध्ये त्यालाच ‘ग्रिल’ म्हणतात. अमेरिकेतील ‘ग्रिल’ म्हणजे खाली विस्तव आणि वर जाळी, ज्याला ब्रिटिश माणूस बहुधा ‘बार्बेक्यू’ म्हणेल. मुंबईच्या फुटपाथवरचे ‘ग्रिल सँडविच’ तर दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून केलेले असते. मग मराठी पाककृतीत ‘पनीर ग्रिल करा’ असे वाचणाऱ्याने नेमके काय करावे?

‘रोस्ट’ आणि ‘बेक’ यांचेही तेच आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये मांस सळईला लावून उघड्या विस्तवापुढे फिरवत भाजणे म्हणजे रोस्ट, आणि बंद भट्टीत भाजणे म्हणजे बेक, असा खरा भेद होता. एकोणिसाव्या शतकात बंद लोखंडी शेगड्या घरोघरी आल्या, तेव्हा मांसही भट्टीत गेले, पण नाव जुनेच राहिले. आज एकाच ओव्हनमध्ये, एकाच तापमानाला कोंबडी ‘रोस्ट’ होते आणि ब्रेड ‘बेक’ होतो. हा पद्धतीचा नव्हे, परंपरेचा भेद आहे, आणि आपल्या वाचकाने तो पाठ करावा असे मला मुळीच वाटत नाही.

प्रतिसाद २

मी प्रस्तावाच्या बाजूचा आहे. प्रतिसाद १ मधील इतिहास बरोबर असला, तरी ओली आणि कोरडी उष्णता यांमधील सीमारेषा इंग्रजी क्रियापदे फार चोख पाळतात, आणि स्वयंपाकात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान १०० अंशांपलीकडे जात नाही. खरपूस रंग आणि वास देणारी जी रासायनिक क्रिया लुई कामी मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णिली, ती साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. उलट आपले ‘उकडणे’ पाहा. बटाटे पाण्यात बुडवून उकडतात आणि मोदक चाळणीत, नुसत्या वाफेवर उकडतात. त्या मोदकांना पाणी लागले तर ते फुटतील. इंग्रजीत येथे ‘बॉइल’ आणि ‘स्टीम’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत.

प्रतिसाद ३

पण दूध उकळते आणि बटाटा उकडतो, हा भेद इंग्रजीत नाही. तेथे दोन्हींना ‘बॉइल’च.

प्रतिसाद १ (पुन्हा)

‘सिमर’ हा शब्द घ्यायला माझी हरकत नाही, आणि तो आता बर्नरच्या बटणावरही छापलेला असतो. माझा आक्षेप सरसकट आयातीला आहे. ‘ब्रेझ’ हेच उदाहरण घ्या. मांस आधी थोड्या तेलात लालसर होईपर्यंत परतायचे, मग थोड्याच रसात झाकून मंद आचेवर मुरू द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे मटण कांद्यावर परतून झाले की पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओततात. त्या पाण्याने ताट फार तापत नाही, वाफ त्याच्या बुडाला लागून थेंबाथेंबाने परत मटणात पडते, आणि रस आटलाच तर ताटातले गरम पाणी आत घालता येते. ‘परतून, ताटावर पाणी ठेवून शिजवा’ असे लिहिले की वाचणाऱ्याला कृती समजते. ‘ब्रेझ करा’ लिहिले की त्याला आधी शब्दकोश उघडावा लागतो. ‘ब्रॉइल’ऐवजीही ‘ओव्हनची फक्त वरची कांडी लावून, जाळी सर्वांत वरच्या खाचेत ठेवून, राखण करत भाजा’ असे लिहावे. वाक्य लांब होते, पण पुण्यातल्या आणि न्यू जर्सीतल्या वाचकाला ते सारखेच कळते.