मदत हवी आहे: दाबाचा परिणाम की ऑक्सिजनच्या तुटवड्याचा?

पेरिओडॉन्टल लिगामेंटच्या (दात हाडाला धरून ठेवणाऱ्या ऊतीच्या) फायब्रोब्लास्ट पेशींवर काचेची चकती आणि वर वजन ठेवून दर चौरस सेंटिमीटरला 2 ग्रॅम दाब 24 तास देतोय. अपेक्षेप्रमाणे रँकएल (हाड झिजवणाऱ्या पेशी तयार करायला लावणारं प्रथिन) आणि कॉक्स-2 (दाहाशी संबंधित एन्झाइम) वाढतात. पण चकतीखाली ऑक्सिजनही कमी पोचतो, आणि नुसत्या त्यानेही रँकएल वाढू शकतं. घोळ इथेच आहे. बिनवजनाच्या चकतीचा कंट्रोल घेतलाय. त्यातही रँकएल थोडं चढतंच. पेशी मरत नाहीयेत, एलडीएच (मरणाऱ्या पेशींतून बाहेर गळणारं एन्झाइम) पाहिलंय. पेशींचा पॅसेज (नव्या भांड्यात वाढवण्याची फेरी) चौथा-पाचवा. हायपॉक्सिया चेंबर (कमी ऑक्सिजनची पेटी) नाही, ताण देणारं यंत्र तर नाहीच. पेशी कोलॅजन जेलमध्ये वाढवणं जमेल. एवढ्या सामग्रीत दाबाचा परिणाम वेगळा कसा काढायचा? एचआयएफ-1 अल्फा (ऑक्सिजन कमी पडला की पेशीत साठणारं प्रथिन) रोखणारं रसायन पुरेल, की दाबानेही तेच प्रथिन स्थिरावतं म्हणून निकाल पुन्हा गढूळच येईल?